आंबोली घाटातला ब्रेक

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "शेजारी इचारतत, बाय मुंबईत काय करता? मी आपला कम्प्युटराचा काम म्हणान सांगतंय." मी तेव्हा घाईत हो म्हटलं, पण मनात ते राहिलं. नऊ वर्षं झाली या कामात आणि मी रोज काय करते हे तुम्हाला कधी बसून सांगितलंच नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिना झाला नाही, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.

टीव्हीवर जाहिरातीच्या शेवटी कंपनीचं नाव उलगडत येतं, बातम्यांत नकाशावर रेघ सरकत जाते, फोनच्या पडद्यावर नाणं उडून पाकिटात पडतं. ते हलवणारं कोणीतरी असतं. ते माझं काम. टीव्हीसाठी सेकंदाला 25 चित्रं लागतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला 750. सगळी हाताने काढावी लागत नाहीत. नाणं इथून निघालं आणि तिथे पोचलं, एवढी दोन टोकं मी ठरवायची, मधली चित्रं कॉम्प्युटर भरतो. त्या टोकांना की-फ्रेम म्हणतात.

पण कॉम्प्युटर ती सारख्या अंतराने भरतो. नाणं धक्क्याने सुटतं, एकाच वेगाने जातं आणि भिंतीवर आदळल्यासारखं थांबतं. त्यात जीव नसतो. वेग कुठे वाढेल, कुठे ओसरेल, याची एक वळणदार रेघ पडद्यावर असते. ती ओढत, सैल करत बसणं, यात माझे तासन्‌तास जातात. आमच्यात याला 'ईझ' म्हणतात.

बाबा, हे मी क्लासमध्ये शिकले त्याच्या कितीतरी आधी तुमच्या मागच्या सीटवर बसून शिकले होते. सुट्टीत तुम्ही मला तुमच्या सावंतवाडी-बेळगाव एसटीत घेऊन जायचात. आंबोलीचा घाट उतरताना गाडी गच्च भरलेली असायची, पण तुम्ही थांब्यावर गाडी उभी केलीत की उभ्या म्हातारीला दांडा घट्ट धरावा लागायचा नाही. थांबा दिसायच्या आधीच तुमचा पाय एक्सलरेटरवरून उठलेला असायचा. मग ब्रेक हळूहळू दाबायचात, आणि गाडी थांबता थांबता शेवटच्या क्षणी पाय किंचित सैल करायचात. तो शेवटचा सैल पाय मी आजही शोधते. स्टुडिओत नवी मुलं येतात, त्यांना मी ग्राफ नंतर दाखवते, आधी एसटीचा ब्रेक सांगते.

आईचंही एक देणं आहे. मराठी नाव एकेक अक्षराने यायचं असलं की सॉफ्टवेअरमध्ये फार वेळा घोळ होतो. 'कि'ची वेलांटी आधी एकटीच येऊन उभी राहते, जोडाक्षर फुटतं, वरच्या रेघेचे तुकडे पडतात. मला ते बघवत नाही. मग मी अक्षरांचे आकार सुटे करून घेते, आधी सगळी अक्षरं उमटवते आणि शेवटी वरून एकच रेघ ओढते, डावीकडून उजवीकडे. आई, पाटीवर तू असंच शिकवलंस ना? वेळ जास्त जातो, पण मराठी नाव मराठी हातानं लिहिल्यासारखं दिसतं.

आता एक गोष्ट, जी लपवली होती. गेल्या वर्षी गणपतीला आले नाही, सुट्टी नाही असं सांगितलं. सुट्टी होती. एका कामासाठी तीन आठवडे रात्री दोन-दोनपर्यंत बसले होते, ते रद्द झालं, आणि पैसे पाच महिन्यांनी आले. घरी आले असते तर आईने तोंड बघूनच ओळखलं असतं, म्हणून आले नाही. चुकलं माझं.

नंतर डिसेंबरात आले तेव्हा एकटीच पिंगुळीला जाऊन आले होते, आठवतं? 2021 साली पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथीसारख्या लोककलांचं संग्रहालय उभं केलंय, तिथे. घरापासून इतकं जवळ, आणि शाळेत असताना मी तिकडे कधी फिरकले नव्हते. चित्रकथीत चित्र जराही हलत नाही. एक पान समोर धरतात, गातात, सांगतात, मग पुढचं पान. तरीही मला युद्ध चाललेलं दिसलं. चित्र जागच्या जागी आणि हलतो तो आवाज! मी दिवसभर सगळं हलवत असते, आणि तिथे न हलणाऱ्या चित्रासमोर मला रडू आलं.

तेव्हापासून रविवारची सकाळ माझी स्वतःची आहे. फोन बंद नाही, उलट तोच वर टांगलेला असतो, खाली काच, काचेवर कागदाची कापलेली लाल एसटी. बस जरा सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची. सेकंदाला 12 फोटो. तीन रविवारांत नऊ सेकंद झाले, म्हणजे 108 फोटो. खिडकीत वालाचा एक दाणाही पेरलाय आणि रोज सकाळी त्याचा एक फोटो काढते. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप असंच महिनाभर थोडं थोडं टिपलं होतं. सिनेमासाठी पैसे उभे करायला लोकांना ते रोप वाढताना दाखवलं. माझ्या वालाला परवा दुसरं पान फुटलं.

याचे कोणी पैसे देत नाही आणि मला ते नकोतही. पण सोमवारी मी कामावर ताजी जाते. आई, झोपही आता बारापर्यंत लागते, काळजी करू नकोस.

बसला अजून ड्रायव्हर नाही. बाबा, दिवाळीत आठ दिवस येते आहे, रोज अर्धा तास माझ्यासमोर बसा. हातात परात धरा आणि घाट उतरा, मी तुमचे हात काढेन. खाकी शर्ट ट्रंकेतून काढून ठेवा, पण इस्त्री नको, खांद्यावरच्या घड्या मला तशाच हव्यात. आणि आई, गोष्ट तू सांगायचीस, मालवणीतच. तू स्वयंपाक करताना मी फोन ओट्यावर ठेवीन, तुला वेगळं बसावं लागणार नाही.

जुन्या कॅलेंडरची पानं रद्दीत देऊ नका. त्या कागदाची डोंगररांग छान कापली जाते.

तुमची,
बाय