तुझ्या अबोल्याची आठवण

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो.

मंगळवारी ऑफिसात एका गोदामाच्या कामाचा सर्व्हे नकाशा उलगडला आणि हात थांबला. जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या कंटूरच्या रेषा कमानीसारख्या, एकीमागे एक, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. नाव वाचायची गरजच पडली नाही. आमचं ड्राइव्ह-इन, गाडीत बसून पिक्चर बघायचं ते उघड्यावरचं थेटर! उन्हाळ्यातले किती शनिवार तिथे काढले, पोरं मागच्या सीटवर झोपी जायची. आता ती जमीन सपाट करायची, आणि कुठली माती कापून कुठे भरायची हे काढणार कोण, तर मी.

'गाडीत बसून पिक्चर? मग रडताना वायपर लावायचा का?' असं तूच म्हणाला होतास. पण गंमत त्या मातीतच आहे रे. पुढची चाकं उंचवट्यावर चढवली की पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. न्यू जर्सीच्या रिचर्ड हॉलिंग्जहेडनं १९३३ साली पेटंट घेतलं ते या रॅम्पांच्या रचनेचं. सांगतात की घरासमोर बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून, झाडांना चादर बांधून, चाकांखाली ठोकळे सरकवत त्यानं हे जुळवलं. म्हणजे तुझाच भाऊ. फक्त त्याच्या प्रयोगात नानांच्या भुवया जळल्या नाहीत.

१९५० च्या दशकाच्या शेवटी इथे अमेरिकेत अशी चार हजारांवर थेटरं होती, आता तीनशेच्या आसपास. टीव्ही आला, शहरं पसरत आली, आणि रात्रीपुरत्या, उन्हाळ्यापुरत्या कामाच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्यात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे, जूनमध्ये नऊ वाजले तरी अंधार नाही! २०१३ च्या सुमारास रिळं जाऊन डिजिटल आलं तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मालकानं प्रोजेक्टरसाठी कर्ज काढलं. २०२० मध्ये बाकी थेटरं बंद, तर याच्याकडे हमरस्त्यापर्यंत रांग. त्यात ते फिटलं. तिकिटातला मोठा वाटा पिक्चरवाल्यांना जातो, हा जगतो पॉपकॉर्नवर. पण पोरांना धंदा नको, आणि ह्याला आता रात्री जागवत नाही. कुणावर चिडायचं तेच कळत नाही.

आमच्या अण्णांनी जत्रेतल्या पिक्चरच्या तंबूची जागा मोजली तेव्हा तू दोन महिने माझ्याशी बोलला नव्हतास. आठवतं? 'टेप तुझ्या बापानंच धरली ना?' मी ताठ्यात म्हटलं होतं, टेप धरणाऱ्याचा काय दोष. मंगळवारपासून ते वाक्य घशात अडकलंय. घरी कुणाला सांगून उपयोग नाही, त्यांनी तुझा तो अबोला कुठे पाहिलाय!

मी नाही म्हटलं तर काम शेजारच्या टेबलावर जाईल, म्हणून ठेवून घेतलंय. पावसाचं पाणी अडवायला मागच्या बाजूला तळं काढायचं आहे. त्याच्या बांधाला शेवटची कमान जशीच्या तशी राहू शकते. तीनदा हिशेब केला, बसतो. नकाशात नुसतं 'बांध' लिहिलंय. हसू नकोस.

दुकानाचं शटर बसलं का? रेवाचा निकाल? वहिनींना नमस्कार.

रविवारी सकाळी सातला फोन उचल. इथे शनिवारची रात्र असेल, आम्ही तिथेच असू. पिक्चरचा आवाज गाडीच्या रेडिओवर येतो, तो तुलाही ऐकू येईल. काय बोलायचं ते बोल, पण रेडिओ बंद करायला सांगू नकोस.

तुझा,
पक्या