आखाड्यावर राहायचं तर आधी पाया, मग सौर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेतात दहा बाय बाराची खोली बांधून, विजेची जोडणी न घेता आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, साधेपणानं राहावं, असा विचार हल्ली बरेच जण करतात. विचार चांगला आहे. पण पैसा आधी पॅनेल-बॅटरीवर जातो आणि पाया-छताला उरेल तेवढा लागतो. हा क्रम उलटा हवा.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच भिंत उचलली की दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावं. मुरूम फार खोल असेल तर दोन-तीन फूट काळी काढून मुरूम आणून भरावा. तो थराथरानं, पाणी मारून, ठोकून भरायचा. खोलीभोवती तीन फूट फरशी बाहेरच्या उतारानं टाकावी, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. खर्च वाचवताना नेमकी ही फरशीच गाळली जाते.

छताला माळवद (लाकडांवर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छत) थंड असतं, हे खरंच. पण ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. छत हलकंच हवं, म्हणजे पत्रा आला. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून वर धोंडे ठेवायची सवय मात्र सोडावी. वारा पत्र्यासकट धोंडाही खाली आणतो. जे-हुक आणि वॉशर वापरावेत, कडेच्या ओळीला जरा दाट. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूची तट्टी मारावी, पोकळीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवावीत आणि वरून दर फेब्रुवारीत चुना द्यावा. वर कडबा रचणं स्वस्त, पण त्यात उंदीर येतात आणि उंदरांमागं साप.

एवढं झालं की पंखा कमी लागतो आणि सौरचा हिशोब आटोक्यात येतो. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा दहा तास, ९ वॅटचे तीन दिवे पाच तास आणि मोबाइल धरून रोज साधारण ४६५ वॅट-तास होतात. १०० वॅटची दोन पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंशांत बसवली, तर धूळ आणि उष्णतेची घट वजा जाता चांगल्या उन्हात ६०० मिळतात. झडीत निम्मेही नाहीत. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ९०० वॅट-तास. इस्त्री आणि इंडक्शनचं नाव काढू नये.

खरी गफलत वायरीत होते. पॅनेल बॅटरीपासून दहा मीटरवर आणि वायर अडीच स्क्वेअरची (चौरस मिमीची) असेल, तर भर उन्हात दीड व्होल्ट वाटेतच पडतो. तापलेल्या पॅनेलचा व्होल्टेज आधीच उतरलेला असतो. मग बॅटरी कधीच पुरती भरत नाही, लवकर बसते, आणि शिव्या कंपनीला पडतात. सहा स्क्वेअरची वायर घ्यावी, अंतर कमी ठेवावं, फ्यूज बॅटरीजवळच बसवावा. बॅटरी पत्र्याला टेकून नको, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवावी.

पाण्यासाठी तेच छत कामी येतं. ११ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे ११ लिटर. मोसमातलं पहिलं पाणी आणि पुढं प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतरचे वीसेक लिटर सोडून द्यावेत. दोघांना पिण्या-स्वयंपाकाला रोज दहा लिटर धरले, तर शेवटच्या पावसाला भरलेली २,००० लिटरची टाकी एप्रिलअखेरपर्यंत पुरते. टाकी झाकलेली हवी आणि पाणी उकळूनच प्यावं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असेल तर ते उकळून जात नाही, म्हणून बोअरचं पाणी तपासून घ्यावं.

आणि जमिनीवर अंथरूण नको. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. बाज आणि कडा खोचलेली मच्छरदाणी पॅनेलच्या आधी घ्यावी.

आपला,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)