मंडळी सोडायची नाही, तिचे दोष झाकायचेही नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्तावर विश्वास आहे, पण चर्चमधून नाव काढून घेतले, असे आपल्या एका वाचकाने पत्रात लिहिले होते. गटबाजी, पैशांचे घोळ आणि वजनदार माणसांच्या पापांवर घातले जाणारे पांघरूण ही त्यांची कारणे. त्यातले एकही कारण मला खोटे वाटत नाही. त्यांना उत्तर म्हणून आलेल्या पत्रांत 'माणसांकडे पाहू नका, प्रभूकडे पाहा' असा सल्ला होता. तो वाचून मात्र फार वाईट वाटले. दुखावलेल्या माणसाने आपले दुखणे सांगितले, की त्यालाच नजर वळवायला सांगणे हे ख्रिस्ती उत्तर नव्हे.

निर्दोष मंडळी, म्हणजे निर्दोष चर्च, शोधायला निघालेल्याला ती बायबलच्या नव्या करारातही सापडत नाही. इ.स. ५०च्या दशकाच्या मध्याला प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा ती मंडळी स्थापन होऊन जेमतेम काही वर्षे झाली होती. तेवढ्यात कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा (म्हणजे पेत्राचा) असे तट पडले होते. भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ होणाऱ्या भोजनाच्या, वेळी एक जण उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. एका माणसाने बापाच्या बायकोला ठेवले होते आणि मंडळीला त्याची लाजही नव्हती. अशा लोकांना पौल सुरुवातीच्या ओळींतच 'देवाची मंडळी' म्हणतो. पण तिथेच थांबत नाही. पाचव्या अध्यायात त्या माणसाला बाहेर काढा, असे स्पष्ट सांगतो. आपण यातला सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलतो. राहणारे पहिला धरून बसतात, सोडून जाणारे दुसरा.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतले चर्च याच प्रश्नावर दुभंगले. रोमन सम्राट डायोक्लेशनने ३०३ साली सुरू केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात काही धर्मगुरूंनी शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या होत्या. अशा हातांनी दिलेली दीक्षा बाद आणि त्यांना मानणारी मंडळीही बाद, अशी भूमिका डोनाटस या बिशपच्या अनुयायांनी घेतली. ३१४ साली आर्ल इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ती नाकारली. पुढे बिशप ऑगस्टीनने त्यामागचा विचार मांडला: बाप्तिस्मा देणारा पेत्र असो की येशूला धरून देणारा यहूदा, बाप्तिस्मा ख्रिस्ताचाच असतो. हे मला मनापासून पटते. पाळकाच्या चारित्र्यावर माझा बाप्तिस्मा टिकून असता, तर आपल्या बाप्तिस्म्याची खात्री कोणालाच देता आली नसती.

तरी डोनाटसवाल्यांचा एक मुद्दा मनातून जात नाही. गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकत्र वाढू द्या, हा येशूचा दाखला त्यांच्याविरुद्ध वापरला जात होता. ४११ साली कार्थेजला दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर आले, तेव्हा डोनाटसवाल्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय दाखवला. तिथे येशू स्वतः दाखल्याचा अर्थ सांगतो, आणि त्या अर्थात शेत म्हणजे जग आहे, मंडळी नव्हे. वाद ते हरले. जिंकणाऱ्यांनी पुढे त्यांच्यावर राजसत्तेचा बडगा चालू दिला, हा त्या विजयावरचा डाग आहे.

इतक्या जुन्या वादात शिरण्याचे कारण आजचेच आहे. आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत एका बाईंनी इमारत निधीच्या पावत्या मागितल्या. खजिनदारांनी वही मिटली. अध्यक्षांनी निदणाचा दाखला सांगितला, मग 'आपण प्रार्थना करू या' म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले. त्या बाई कागद हातात घेऊन उभ्याच होत्या. इतिवृत्तात त्यांच्या प्रश्नाची साधी नोंदही झाली नाही. प्रश्न बंद करायला प्रार्थना वापरणे हे मला हिशेबातल्या गोंधळाहून गंभीर वाटते.

तिथे पैसे होते. जिथे लेकरे असतात, तिथे याच सवयीने आयुष्ये उद्ध्वस्त होतात. लेकरांवर अत्याचार करणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंना एका पॅरिशमधून (स्थानिक चर्चमधून) दुसरीकडे हलवले जात होते, हे २००२ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये उजेडात आले. अशा प्रकरणांच्या चौकशीवरचा परमगुप्ततेचा नियम पोप फ्रान्सिस यांनी उठवायला २०१९चा डिसेंबर उजाडला. नोव्हेंबर २०२४मध्ये अँग्लिकन पंथाचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना अशाच एका जुन्या प्रकरणाच्या हाताळणीवरून पद सोडत असल्याचे जाहीर करावे लागले. तेव्हा अमुक पंथाचा दोष म्हणून बाकीच्यांनी हात झटकू नयेत.

अशा वेळी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम पुढे केला जातो: आधी अपराध्याला एकांतात भेट, मग दोघा-तिघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. भावाभावातल्या तंट्यासाठी तो क्रम फार मोलाचा आहे. पण त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात, लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे येशू म्हणतो. ते वचन ओलांडून पुढचा क्रम लेकराच्या गळ्यात मारायचा, हे शास्त्र वाचणे नव्हे. तिथे पोलिसांकडेच जायचे, आणि त्याच दिवशी जायचे. ज्यांच्यावर असा अत्याचार झाला, त्यांना 'मंडळीत परत या' म्हणण्याचा अधिकार माझ्यासकट कोणालाही नाही.

मग मी का राहिले आहे? माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला माझ्याने प्रार्थना होत नव्हती. विश्वासांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणताना 'शरीराचे पुनरुत्थान' या शब्दांपाशी आवाजच बंद झाला. मागच्या बाकांवरचे लोक म्हणत राहिले, शेवटपर्यंत. त्यांच्यात ते खजिनदारही होते. माझ्या वाटचा विश्वास त्या दिवशी त्या लोकांनी उचलून धरला. घरी एकट्याने जपलेल्या श्रद्धेला असा आधार कोण देणार? क्षमा करा, एकमेकांची ओझी वाहा, हे सगळे नको वाटणारा माणूस शेजारी बसल्याशिवाय आचरणात येतच नाही. प्रभुभोजनाचा प्याला माझ्याकडे त्याच हातांतून येतो, ज्या हातांशी माझा वाद आहे. म्हणून त्या खजिनदारांकडे पावत्या मागणे मी सोडलेले नाही. मला ते आपले वाटतात म्हणूनच मागते.

चर्च पवित्र आहे आणि तिला सतत शुद्धीची गरजही आहे, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटले. ही शुद्धी नुसत्या उपवास-प्रार्थनांनी होणार नाही. हिशेब बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून सभासदांच्या हातात द्यावा. पदांना मुदत असावी. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे, त्याचा मित्र चौकशी समितीत नसावा. सभेत विचारलेला प्रत्येक प्रश्न इतिवृत्तात यावा, उत्तर मिळो वा न मिळो.

त्या पत्रलेखकांना माझी एक विनंती आहे. नाव काढून घेतलेच असेल, तर कारणे लेखी द्यावीत आणि ती सर्वसाधारण सभेत वाचली जावीत, अशी मागणी करावी. पदाधिकारी वाचणार नसतील, तर आत राहिलेल्या एखाद्या सभासदाच्या हाती ते पत्र द्यावे. वाचून दाखवणारे कोणी ना कोणी आत असते.

आपली,
एक वाचक