अकरा बाटल्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन तुझ्या हातात देतात, आणि तू "जेवलीस का?" विचारतेस. म्हणून या वेळी पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, चष्मा लावून.

मागच्या खेपेला मी औषधांचा डबा आवरायला घेतला होता. डॉक्टरांनी लिहून दिलेलं बाजूला काढलं, तरी खाली अकरा बाटल्या उरल्या. सगळ्या ताकदीच्या, हाडांच्या, नसांच्या, केसांच्या, डोळ्यांच्या. त्यांतल्या सहा मी पाठवलेल्या. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं उपदेश वाटेल. यायला जमलं नाही की एक बाटली पाठवून द्यायची, अशी सवय मला कधी लागली ते कळलंच नाही. बाटली पोचली की तू खूश, आणि माझ्या मनाला पुढचे दोन महिने टोचणी नाही.

आई, आधी तुझं थायरॉईड. गेल्या वर्षी तुझा टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा तो आकडा, वाढत चालला होता. डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली आणि तू "आता वयच झालं" म्हणून मोकळी झालीस. वयाचा काही संबंध नव्हता गं, ते मी केलं होतं. मीच म्हटलं होतं ना, सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेतेसच, त्याच घोटाबरोबर कॅल्शियमही घेऊन टाक, म्हणजे विसरायला नको. कॅल्शियम त्या औषधाला पोटातच धरून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळीही तेच करते. दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं. म्हणजे तू वर्षभर इमानेइतबारे गोळी घेत होतीस आणि तिच्यातला बराचसा भाग वाया जात होता. तिढा सुटला तो औषधाच्या दुकानातल्या बाईंच्या एका प्रश्नाने: "याच्याबरोबर आणखी काय घेता?" तो प्रश्न मी विचारायला हवा होता. पुढे कॅल्शियम रात्रीवर नेलं, तर वाढवलेला डोसच जास्त व्हायला लागला, छातीत धडधडायला लागलं, आणि पुन्हा तपासणी, पुन्हा कमी. एवढं रामायण एका फुकटच्या सल्ल्यापायी.

बरं, त्यातही माझी दुसरी चूक होतीच. तुझ्या बाटलीत कॅल्शियम कार्बोनेट आहे, आणि ते नीट पचायला जेवणाबरोबर घ्यावं लागतं. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारचं असतं तर कधीही चाललं असतं. गोळीवर १२५० मिलिग्रॅम लिहिलंय ते कार्बोनेटचं वजन. त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. एका वेळी शरीर साधारण तेवढंच नीट शोषतं, त्यामुळे दोन गोळ्या एकदम घेऊन फारसा उपयोग नाही. पन्नाशीनंतर बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं असं धरतात, पण त्यात दूध-दही आणि बाकीच्या जेवणातलं सगळं आलं. आधी ताटात किती आहे ते मोजायचं, आणि कमी पडेल तेवढंच बाटलीतून. आपण बरोबर उलटं केलं.

आणि ती केसांची गोळी. तिच्यात बायोटिन नावाचं ब गटातलं जीवनसत्त्व भरपूर आहे. त्याने केस वाढले की नाही तूच सांग (मला तरी फरक दिसला नाही, रागावू नकोस), पण रक्ताच्या काही तपासण्यांत ते घोळ घालतं. थायरॉईडची तपासणीही त्यांतलीच, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. एकीकडे कॅल्शियम तो खरोखर वाढवणार, दुसरीकडे बायोटिन खोटाच कमी दाखवणार. डॉक्टरांनी काय करावं बिचाऱ्यांनी? पुढच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेव. खरं तर कायमचीच ठेव.

बाबा, आता तुमची पाळी. तुम्हाला हिशेब आवडतो म्हणून तुमचा ड जीवनसत्त्वाचा हिशेब मांडते. आठवड्याला एक ६०,००० युनिटची मात्रा, म्हणजे दिवसाला सुमारे ८,५७०. मी पाठवलेली गोळी २,०००. आईच्या बाटलीतून घेता त्या कॅल्शियममध्ये ५००. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ४००. बेरीज साडेअकरा हजारांच्या घरात. सत्तरीनंतर रोजची गरज ८०० धरतात, आणि तपासणीशिवाय स्वतःच्या मनाने ४,००० च्या वर जाऊ नये असं म्हणतात. ती आठवड्याची मात्रा डॉक्टरांनी दिली तेव्हा ठीकच होती, तुमची पातळी खरंच खाली होती. पण चिठ्ठीवर "आठ आठवडे" लिहिलंय. तुम्ही पुढे वर्षभर ती स्वतःच आणत राहिलात. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ड चं तसं नाही, ते चरबीत साठतं. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. तुमचं पोट साफ होत नाही म्हणून बारावी बाटली आणायच्या बेतात होतात, आठवतंय ना? कारण हेच असेल असं मी म्हणत नाही, पण तपासायला तर हवं.

"हाडं मजबूत होतात, जास्त घेतलं तर काय बिघडलं," असं तुम्ही म्हणाला होतात. २०१० मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. सत्तरीच्या पुढच्या दोन हजारांहून जास्त स्त्रिया, त्यांतल्या निम्म्यांना वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाचा ५ लाख युनिटचा डोस. हाडं मोडायचं प्रमाण कमी व्हावं म्हणून दिलेला. झालं उलटंच: डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

एवढं वाचून सगळ्याच बाटल्या फेकायला निघू नका. तुमचं बी-१२ हे अगदी दुसऱ्या टोकाचं प्रकरण आहे. ते तुम्हाला लागेल असा माझा अंदाज आहे, आणि नेमकं तेच अकरा बाटल्यांत नव्हतं! तुम्ही इतकी वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेताय, त्याने बी-१२ चं शोषण कमी होतं. वर सकाळची ॲसिडिटीची गोळी. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं, आणि वयाबरोबर ते आधीच कमी होत जातं. त्यात तुम्ही मांस-मासे खात नाही. तळपायाला मुंग्या येतात त्याला आपण सगळे "साखरेमुळे" म्हणतो, आणि असेलही, पण बी-१२ कमी असलं तरी अगदी अशाच मुंग्या येतात. साधी रक्ततपासणी आहे. कमी निघालं तर गोळीतलं बी-१२ सुटंच असतं, ते आम्लावाचून शोषलं जातं. गरज दिवसाला अडीच मायक्रोग्रॅमसुद्धा नाही आणि गोळीवर १००० लिहिलेलं बघून दचकू नका. एवढ्या मोठ्या मात्रेतलं जेमतेम एक टक्का आत जातं, म्हणून ती तशी बनवतात.

मुंग्यांसाठी तुम्ही घेता ती "नसांची" गोळी मात्र मला खटकते. तिच्यात बी-६ आहे, मल्टिव्हिटॅमिनमध्येही आहे. बी-६ दीर्घकाळ फार झालं तर त्यानेच नसा दुखावतात आणि हातापायांना मुंग्या येतात. म्हणजे ज्याला औषध समजतोय तेच दुखणं वाढवत असेल. शिवाय तिच्यात फॉलिक ॲसिड आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं की रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. तपासणी होईपर्यंत ती बाजूला ठेवता येईल का, एवढं डॉक्टरांना फोन करून विचारा.

डोळ्यांच्या गोळीबद्दल आपण भांडलो होतो. तुमचं म्हणणं, ती संशोधनावर आधारलेली आहे. आहेच. पण ते संशोधन दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज एका ठरावीक टप्प्याला पोचलेल्यांसाठी होतं. तुमचा मोतीबिंदू होता, त्याला त्या गोळीचा काही उपयोग नाही. तुमच्या बाटलीत तर अजून जुन्या पद्धतीचं बीटा कॅरोटिन (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं ते) आहे. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला. बीटा कॅरोटिनने कर्करोग टळेल अशी आशा होती, आणि ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून २०१३ पासून डोळ्यांच्या त्या मिश्रणात त्याऐवजी ल्युटिन सुचवतात. तुम्ही सिगारेट सोडलीत, पण तीस वर्षं ओढलीत. ती बाटली आजच काढा, बाकीच्यांचं नंतर बघू.

फिरायला येणारे तुमचे मित्र लायनस पॉलिंगचं नाव घेतात. दोनदा नोबेल मिळालेला, १९५४ ला रसायनशास्त्राचं, १९६२ ला शांततेचं. क जीवनसत्त्वाने सर्दी टळते असं तो आयुष्याच्या शेवटापर्यंत सांगत राहिला. पुढच्या चाचण्यांत एवढंच दिसलं की रोज घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी होते तेवढीच होते, फक्त जराशी लवकर बरी होते. इतका मोठा माणूस चुकू शकतो, तर तुमच्या मित्रांचं मी मनाला का लावून घेऊ?

आणि आई, हळदीच्या अर्काची कॅप्सूल "नैसर्गिक आहे" म्हणून चालू ठेवू नकोस. स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी. कॅप्सूलमध्ये ती कितीतरी पट एकवटलेली, वर शोषण वाढवायला काळ्या मिरीचा अर्क, आणि अशा कॅप्सूलने यकृताला सूज आल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. लोहाचं टॉनिकही मनाने नको. तुझ्या वयात लोह खरंच कमी झालं असेल तर आधी रक्त कुठे जातंय ते शोधावं लागतं. टॉनिकने हिमोग्लोबिन सुधारेल आणि शोधायचं ते राहून जाईल.

आता एक करा. अकराही बाटल्या आणि लिहून दिलेली औषधं एकाच पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नावं सांगू नका, बाटल्याच टेबलावर मांडा, म्हणजे मागची बारीक अक्षरं त्यांना वाचता येतील. प्रत्येकीबद्दल विचारा: ही कशासाठी, आणि कधी थांबवायची? ज्या गोळीचं उत्तर तुम्हा दोघांनाही सांगता येत नाही, ती डब्यात परत जायला नको. त्यांनी लिहून दिलेलं मात्र माझ्या पत्रावरून बंद करायचं नाही, बाबा, अजिबात नाही. बी-१२, रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासू या का, तेही विचारून घ्या.

मी पुढच्या महिन्यात येतेय, सहा दिवस. येताना काही आणणार नाही. रिकाम्या बाटल्या बाबा टाकू देणार नाहीत, खिळ्या-स्क्रूंना लागतील म्हणतील. ठेवा, पण लेबलं खरवडून काढा. नाहीतर एखाद्या रात्री आई कॅल्शियम समजून स्क्रू गिळायची.

तुमची,
धाकटी