‘तुझी गोष्ट वेगळी’

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
५ डिसेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, ‘अगं, तुझी गोष्ट वेगळी.’ तेव्हा मी गप्प बसले, कारण तू कुकर लावायच्या घाईत होतीस. पण ते वाक्य चार दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

विषय संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा होता. यल्लम्माची परडी घेऊन दारी येते तिला यंदा मंडळात बोलवावं, असं कुणीतरी सुचवलं. (जन्माने मुलगा म्हणून गल्ली तिला जोगत्या म्हणते, ती स्वतःला जोगतीण म्हणते. मी तिचाच शब्द वापरणार.) वाद झाला आणि शेवटी तोड निघाली : लिंगबदलाचं ऑपरेशन झालं असेल तर येऊ दे, नाहीतर नको. तुलाही ते पटलं. मग दोन वर्षांपूर्वी मला कसं बसवलंत, असं मी विचारलं, त्यावर तुझं ते उत्तर.

माझी गोष्ट वेगळी कशी झाली ते बघ ना. मीही तिच्यासारखीच मुलगा म्हणून वाढलेली, पण इंजिनिअर. ऑपरेशनचा खर्च कंपनीच्या विम्यातून झाला, रजा भरपगारी मिळाली. कागदपत्रांवर नाव बदलायला वकील होता. सांगलीत आपलं आडनाव सांगितलं की लोक ‘या, बसा’ म्हणतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तू होतीस; माझ्या निऱ्या नीट करताना तुझे डोळे भरून आलेले मी पाहिले. त्या जोगतिणीला यातलं काय मिळालं? तिला ‘ऑपरेशन झालंय का’ असं विचारणं म्हणजे ‘विमा आहे का’ असं विचारणं.

हाच वाद इथे होऊन गेलाय. मिशिगनच्या जंगलात १९७६ पासून दर ऑगस्टला बायकांचा संगीत महोत्सव भरायचा. तंबू बायकांनीच ठोकायचे, स्वयंपाक त्यांचा, स्टेजही त्यांचं. कितीतरी जणींना तिथे आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्त वाटलं, आणि त्या वाटण्याची मला कदर आहे. पण १९९१ साली नॅन्सी बर्कहोल्डर या ट्रान्स, म्हणजे माझ्यासारख्याच, जन्मताना मुलगा ठरवलेल्या बाईला तिथून बाहेर काढलं. जन्मापासून बाई असलेल्यांनाच प्रवेश, असं कारण दिलं. पुढे निषेध वाढला तेव्हा काही जणींनी मधला मार्ग सुचवला : ऑपरेशन झालेल्यांना घ्या. सुचवणाऱ्यांत ट्रान्स बायकाही होत्या. आपल्या मंडळाचीच तोड ही, जंगल तेवढं निराळं.

त्याला सडेतोड उत्तर दिलं एमी कोयामा या जपानी वंशाच्या कार्यकर्तीने. ही अट घातली की बाहेर कोण राहतं? ज्यांना ऑपरेशन परवडत नाही त्या. म्हणजे गरीब, आणि त्यांत गोऱ्या नसलेल्या जास्त. ट्रान्सफेमिनिझमचा जाहीरनामा तिने २००१ साली लिहिला. ट्रान्स बायकांची सुटका बाकी सगळ्या बायकांच्या सुटकेत गुंतलेली आहे, हा त्याचा गाभा. मला तो पटतो, कारण बाईने कसं दिसावं, कुठे बसावं हे ठरवणारे लोक माझ्याही आणि तुझ्याही बाबतीत तेच असतात.

याच्याजवळचा दुसरा शब्द आहे इंटरसेक्शनॅलिटी. मराठीत अभ्यासक आंतरछेदिता म्हणतात. मी तुला चौक म्हणून सांगते : जात, वंश, बाईपण असे भेदभावाचे रस्ते एकाच माणसावर येऊन मिळतात तो. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ साली तो मांडला. तिने दाखला घेतला तो जनरल मोटर्स या मोटारकंपनीविरुद्धच्या, १९७६ मध्ये निकाल लागलेल्या खटल्याचा. पाच कृष्णवर्णीय बायका कोर्टात गेल्या होत्या. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय बाई कामावर घेतलीच नव्हती. मंदी आली तेव्हा सगळ्यात शेवटी लागलेल्या म्हणून आधी यांनाच काढलं. कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत की. होत्या, पण गोऱ्या. वंशाची तक्रार वेगळी करा, बाई म्हणूनची वेगळी, दोन्ही एकत्र चालणार नाहीत. क्रेनशॉ म्हणते, चौकात अपघात झालाय, आणि कुठल्या गाडीने उडवलं ते ठरल्याशिवाय अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची नाही, तसं हे.

असा एक चौक माझ्या घराशेजारीच आहे. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर डोक्यावरून सात नंबरची ट्रेन धडधडत जाते; मी पोहे-कढीपत्ता आणते तो ७४ वा रस्ता तिथेच लागतो. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून एक कायदा होता : देहविक्रीच्या हेतूने रस्त्यात रेंगाळणं गुन्हा. हेतू ओळखायचा पोलिसांनी, कपड्यांवरूनसुद्धा. पकडल्या जायच्या त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या ट्रान्स बायका फार. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना एक अटक म्हणजे देशाबाहेर जायची भीती. मी इथे राहायला आले तेव्हा तो कायदा चालू होता. रात्री अकराला ऑफिसचा बिल्ला गळ्यात घालून मी त्याच रस्त्याने यायचे. मला एकदाही कुणी अडवलं नाही. मीही ट्रान्स, त्याही ट्रान्स.

लॉरेना बोर्हास मेक्सिकोतून आलेली ट्रान्स बाई. पकडलेल्या बायकांच्या जामिनाचे पैसे ती उभे करायची. ३० मार्च २०२० ला करोनाने गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो कायदा रद्द झाला. आता रूझवेल्टच्या एका कोपऱ्यावर तिच्या नावाची पाटी आहे. भाजीची पिशवी घेऊन मी तिच्याखाली क्षणभर थांबते.

बाबा म्हणतील, ही अमेरिकेची खुळं. त्यांना सांग, १८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हेच लिहून गेली. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं तिने विचारलं. बाळंतपण सगळ्या बायकांचं, पण छप्पर सगळ्यांना नव्हतं.

आई, तू हे करू शकतेस म्हणून तुला लिहिते. मावशी विधवा झाली त्या संक्रांतीला मंडळातल्या बायका काय काय बोलल्या आणि तू तिला हाताला धरून कशी आणलीस, हे मी दाराआडून पाहिलंय. मला मुलगा म्हणून अंगणात पिटाळलं होतं, पण मी गेले नव्हते. तेव्हा तू कुणाला कागद विचारला नाहीस.

आणखी एक. स्वयंपाकघराच्या खिडकीत कान तुटलेला कप असतो. जोगतिणीला चहा त्यातूनच जातो. ती कुठल्या वस्तीतून येते ते आपल्याला माहीत आहे, म्हणून तो कप. नवरात्रात तिच्या परडीत तू पीठ-मीठ घालतेस, तिच्या पाया पडतेस, आणि कप मात्र वेगळा ठेवतेस. तो कप फेकून दे.

मी ९ जानेवारीला पोचते. हळदीकुंकवाला माझ्या शेजारी तिची जागा धर. वाण दोघींना सारखं. मी लहान होते तेव्हापासून ती आपल्या दारात येते, आणि आज लिहिताना कळलं की मला तिचं नाव माहीत नाही. तुला माहीत असेल तर रविवारी सांग. नसेल तर विचारून ठेव.

बाबांना नमस्कार.

तुझी,
लेक