'पडदा' म्हणजे नेमका कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली हेरपटांवरची प्रश्नमंजुषा सोमवारी वाचली. सोमवारी का, ते पुढे येईलच. प्रश्न क्र. ४ : 'जेम्स बाँडची भूमिका पडद्यावर सर्वप्रथम कोणी साकारली?' आणि पानाच्या तळाशी उलटे छापलेले उत्तर, शॉन कॉनरी. पान उलटे धरून वाचले, सरळ धरून वाचले. चूक दोन्ही बाजूंनी तितकीच ठळक दिसते.

पहिला बाँड बॅरी नेल्सन. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांच्या पहिल्या कादंबरीचे, 'कॅसिनो रोयाल'चे, तासाभराचे नाट्यरूपांतर थेट दाखवले गेले. त्यात बाँड चक्क अमेरिकन आणि मंडळी त्याला 'जिमी' म्हणतात. कादंबरीतला बाँडचा अमेरिकन साथीदार हेर लायटर मात्र इथे इंग्रज. खलनायक पीटर लॉर. कॉनरीचा 'डॉ. नो' आला १९६२ साली, म्हणजे आठ वर्षांनी. आपण 'मोठ्या पडद्यावर' एवढे छापले असते तरी माझी काही हरकत नव्हती. टीव्हीला पडदा म्हणत नाहीत, असे कृपया सांगू नका. आपल्याच पुरवणीत मालिकांच्या पानाच्या डोक्यावर दर रविवारी 'छोटा पडदा' असे छापलेले असते.

एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. त्याच रविवारी रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी होती. (पंचांग काहीही म्हणो, आमची कोजागिरी रविवारीच येते.) विंगनिहाय प्रश्नमंजुषा ठेवली होती. बझर म्हणून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायचा. शेवटच्या फेरीपर्यंत आमची 'अ' विंग आणि 'ब' विंग बरोबरीत. चिटणीसांच्या सूनबाईंनी कागद उलगडून प्रश्न वाचला आणि मी ताटली वाजवली. बॅरी नेल्सन! पहिल्यांदा गच्चीवर शांतता, मग हशा. "नाही हो काका, शॉन कॉनरी." मी साल सांगितले, वाहिनी सांगितली. त्यावर त्यांनी कागदच माझ्यापुढे धरला. "काका, इथे छापलंय ना." ते आपल्या पुरवणीचे कात्रण होते. त्याच्या कोपऱ्यावर मसाला दुधाचा पिवळा डाग, एक चारोळीही चिकटलेली. छापलंय म्हटल्यावर काय बोलणार? एका मुलाने मोबाइलवर शोधले, तिथेही कॉनरी मोठ्या अक्षरांत. मागून सौ.चा आवाज आला, "अहो, बसा आता, दुधावर साय आली." 'ब' विंगला गुण मिळाला आणि तीन डब्यांचा सेट त्यांच्याकडे गेला.

डब्यांचे मला काही नाही. (आमच्याकडे डबे भरपूर आहेत, हेही सौ.नेच तिथे सर्वांदेखत सांगितले.) पण 'ब' विंगचे एक गृहस्थ आदल्या फेरीत पर्याय वाचून व्हायच्या आतच उत्तरे देत होते. त्यांनी सकाळी चहाबरोबर पुरवणी वाचली होती. मी वाचली नव्हती, कारण माझ्याकडे ती आलीच नाही. या महिन्यातला हा तिसरा रविवार. पेपरवाल्याला विचारले तर म्हणतो, "काका, वरूनच कमी येतात." वर म्हणजे कुठे, हे आपणच सांगू शकाल. सोमवारी शेजाऱ्यांकडून रद्दीत चाललेली प्रत मागून आणली, तेव्हा कुठे पूर्ण प्रश्नमंजुषा वाचायला मिळाली.

आणि वाचली तर प्रश्न क्र. ७! 'फर्ज'मध्ये जितेंद्रने साकारलेला 'रॉ'चा, म्हणजे भारताच्या गुप्तचर संस्थेचा, एजंट कितव्या क्रमांकाचा? क्रमांक ११६ बरोबर आहे. पण 'फर्ज' १९६७चा आणि रॉची स्थापना २१ सप्टेंबर १९६८ची. जी संस्था अजून जन्मायची होती तिचा हेर आमच्या गिरगावच्या चाळीत वाढलेला रवी कपूर (जितेंद्रचे मूळ नाव) कसा काय होईल? विचारायचेच होते तर किती चांगले प्रश्न होते. हा चित्रपट 'गूढचारी ११६' या तेलुगू चित्रपटावरून घेतलेला, हे विचारता आले असते. किंवा असे विचारा : वाढदिवसाला आजही हमखास वाजणारे 'बार बार दिन ये आए' कोणत्या हेरपटातले? आमच्या क्लबहाउसमध्ये महिन्यातून चारदा वाजते, पण ते हेरपटातले आहे हे एकाला ठाऊक असेल तर शपथ.

सगळेच चुकले असे नाही. 'ऑक्टोपसी' या बाँडपटाचे चित्रण झालेले उदयपूर बरोबर, त्यात बाँडचा साथीदार झालेला विजय अमृतराज बरोबर. पण गेल्या वर्षी याच सदरात 'ऑक्टोपसी'तला कबीर बेदी बाँडचा साथीदार झाला होता. तो तर खलनायक कमाल खानचा अंगरक्षक गोविंदा! तेव्हाही मी पत्र लिहिले होते. छापणे राहिले बाजूला, पोचही आली नाही.

याच संदर्भात आपल्या प्रश्नमंजुषाकारांसाठी एक प्रश्न माझ्याकडून. बाँडच्या हातातले पिस्तूल कोणी बदलले? उत्तर : एका वाचकाने. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या बंदुकांच्या जाणकाराने १९५६ साली फ्लेमिंग यांना कळवले की बाँडचे ते पॉइंट २५ बेरेटा हे बायकांचे पिस्तूल आहे, अशा माणसाला शोभत नाही. फ्लेमिंग यांनी पत्र कचऱ्याच्या टोपलीत टाकले नाही. सविस्तर उत्तर दिले आणि १९५८च्या 'डॉ. नो' कादंबरीत मेजर बूथरॉइड नावाचे पात्रच घातले, जे बाँडच्या बेरेटाला नावे ठेवते आणि त्याऐवजी वॉल्थर पीपीके सुचवते. माझ्या नावाचे पात्र कुठे घाला, असे मी म्हणत नाही. दोन ओळींची दुरुस्ती पुरेशी आहे. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला तेवढी बस्स.

फक्त ती मुख्य अंकात छापावी. पुरवणीत छापलीत तर माझ्यापर्यंत पोहोचायची नाही.

आपला,
एक जुना वाचक
नौपाडा, ठाणे (प.)