मांजराच्या मूत्राचा वास: अस्वच्छता की आजार?

महोदय,

नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगर यांसारख्या भागांतील सोसायट्यांत जिन्यात मांजराच्या मूत्राचा वास आला की पाळणाऱ्याच्या अस्वच्छतेवर खापर फोडले जाते; या वासाचे मूळ मात्र मांजराच्या शरीरातच आहे. कोरड्या प्रदेशातील रानमांजरांचा वंशज असलेला हा प्राणी पाणी कमी पितो आणि त्याची मूत्रपिंडे मूत्र अतिशय घट्ट करतात. त्यातील फेलिनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या विघटनातून उग्र वासाची संयुगे तयार होतात. नसबंदी न झालेल्या बोक्यांत फेलिनिन सर्वाधिक असते, आणि मूत्र साचून राहिल्यास जिवाणू त्यातील युरियापासून अमोनिया बनवतात.

नेहमीचा वास अचानक बदलला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह यांची शक्यता तपासून घ्यावी. उलट, मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात मूत्र पातळ होऊन वास कमी होतो आणि घरची माणसे सुटकेचा नि:श्वास टाकतात, हे मला अधिक चिंताजनक वाटते. बोका वारंवार कुंथत असूनही मूत्र होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांतही ते जिवावर बेतते, म्हणून त्याला तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

सोसायट्यांत असे डाग ब्लीचने धुतले जातात, तेही बंद जिन्यात! अमोनियाशी संयोग होऊन त्यातून विषारी क्लोरामाइन वायू निर्माण होतात. त्याऐवजी एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा, आणि तक्रारअर्जांऐवजी सोसायट्यांनी परिसरातील बोक्यांच्या नसबंदीसाठी वर्गणी काढावी.

– एक वाचक, नाशिक